छकुलीची गाठ

पहाटे धारा काढायला रेश्माच.

जांभळी साडी रेश्माची, लग्नातली. आता ती नणंदेच्या, छकुलीच्या अंगावर.

रेश्माचं आधार कार्ड सासूच्या पिशवीत. "काम हाय," एवढंच.

छकुलीला सांगून आलेलं स्थळ निमगाव केतकीचं, अविराज. दहा एकर डाळिंब, एकुलता एक.

छकुलीला एकोणिसावं लागलेलं. अंघोळ करताना छातीत बोराएवढी गाठ तिच्या हाताला लागली, आणि अंथुर्ण्याच्या त्या घरात तिच्याशिवाय कुणी उरलंच नाही. आई द्वारकाबाई आणि भाऊ विशाल तिला गाडीवर मधे बसवून बारामतीच्या दवाखान्यात नेत. येताना तिला सफरचंदं. विशालची बायको रेश्मा मागं आठ दिवस तापानं फणफणली होती, तेव्हा मेडिकलमधून गोळ्यांचं एक पाकीट आलं होतं.

"आत्या, मी येऊ संगं?" रेश्मानं सासूला विचारलं.

"तू कशाला? गाईंचं कोण बघंल?" द्वारकाबाई म्हणाल्या.

सोनोग्राफी झाली. सुई घालून तपासणीही झाली.

"साधी गाठ हाय वहिनी," छकुली हसली. "हाताखाली सरकती. डॉक्टर म्हणले, या वयात लई पोरींना होती. कापायचं न्हाय. सहा म्हयन्यानं परत दाखवायचं."

"सुटलीस," रेश्मा म्हणाली. आतून मात्र जळत होती. आता डाळिंबाची बागही हिलाच.

दुपारी तिनं शेजारणीच्या फोनवरून अविराजच्या आत्याला, सिंधुबाईंना गाठलं. "सुपारी फोडायच्या आधी बारामतीचे कागद बघा. छातीत गाठ हाय." 'साधी' एवढा शब्द तिनं गिळला.

रविवारी पाहुणे आले. चहा झाल्यावर सिंधुबाईंनी बशी खाली ठेवली.

"द्वारकाबाई, कानावर आलंय म्हणून इचारते. दवाखान्याची फाईल हाय का घरात?"

"हाय की." द्वारकाबाईंनी कपाट उघडलं आणि फाईल पुढं ठेवली.

छकुलीनं मान खाली घातली. स्वयंपाकघराच्या दारातून रेश्मानं ते डोळे भरून पाहून घेतलं.

सिंधुबाईंनी चष्मा चढवला. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, फाईल मिटली. मग उठल्या, छकुलीच्या समोरून थेट दाराशी आल्या आणि रेश्माच्या पाठीवरून हात फिरवला.

"भिऊ नगंस पोरी. साधीच हाय म्हणं." मागं वळून त्या आपल्या भावाला, अविराजच्या वडलांना म्हणाल्या, "सुनेला इतकं जपणारं घर हाय, तात्या. फोडा सुपारी."

पहिल्या दिवशी छकुलीचा केसपेपर काढताना द्वारकाबाईंनी खिडकीतल्या माणसाला नाव सांगितलं होतं, रेश्मा विशाल, वय चोवीस, लग्न झालेलं.