मानाची डहाळी

उजाडताच वोल्फ्राम ओसरीत आला. खुंटीवरची दुर्बीण त्याने उतरवली, भिंगांवर फुंकर घातली, सदऱ्याच्या टोकाने ती पुसली आणि डोळ्यांना लावून पाहून पुन्हा पुसली. शेजारच्या, मुलीच्या खुंटीवरची टोपी त्याने तिच्याकडे फेकली. गुडरूनने ती झेलली. रोजच्यासारखी दोघांनी उभ्याउभ्याच काळी कॉफी घेतली, तीत खडखडीत भाजलेला पाव बुडवून खाल्ला. मग वारा कुठला आहे ते पाहायला त्याने चिमूटभर राख हवेत सोडली. समुद्रापारच्या हॅनोव्हरहून शिकारीला आलेले पाहुणे लांगेसाहेब नवे कोरे बूट घालून गाडीपाशी केव्हाचे उभे होते.

“करकरू देत,” बुटांकडे पाहत वोल्फ्राम म्हणाला. “हरणांनाही कळू दे, साहेब आलेत म्हणून.”

गुडरून हसली. म्हातारा अशा सकाळीच थट्टा करी. आई गेल्यापासून पाहुणे नसले की तो दिवसदिवस बोलत नसे. गेल्या हिवाळ्यात डोळ्यांवर पडदा येऊ लागला तेव्हा त्यानेच तिला बजावले होते, की ज्या दिवशी माझ्या हातून चूक होईल त्या दिवशी ही दुर्बीण तुझी. तेव्हापासून ती दर शिकारीला त्याच्या खांद्यामागे उभी राही आणि त्याच्या आधी पाहून घेई.

तांबड्या वाळूच्या टेकड्यांपलीकडे, पिवळ्या गवतात, गेम्सबॉकची एक मादी एकटीच चरत होती. या हरणांत मादीचीच शिंगे अधिक लांब, म्हणून पाहुण्यांना मादीच हवी असते. आणि मारायची ती म्हातारी, कळपाने टाकलेली, असा त्या घराचा नियम होता.

“एकटी आहे. थकलेली,” वोल्फ्राम कुजबुजला. “घ्या, साहेब.”

व्यालेली मादीही कळप सोडते. पाडसाला झुडपात दडवून ती अशीच एकटी चरते. गवत उंच होते. पोटाखालचे काही दिसत नव्हते.

“पापा, जरा थांबू या. ती वळू दे. कास दिसू दे.”

“तू रांगत होतीस तेव्हापासून मी हेच करतोय, पोरी,” तो म्हणाला, पण पाहुण्याकडे पाहून. लांगेसाहेब हसले. गुडरूनला अजून एक वाक्य बोलता आले असते.

गोळी नेमकी बसली.

वोल्फ्राम गुडघ्यांवर बसला. बाभळीची एक हिरवी डहाळी त्याने मेलेल्या जनावराच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी रक्तात बुडवून आपल्या टोपीवर ठेवली आणि मारणाऱ्याचा मान म्हणून पाहुण्यापुढे धरली. लांगेसाहेबांचे डोळे भरून आले. उठताना म्हाताऱ्याने हात जनावराच्या पोटावर टेकला, आणि मग बोटे बराच वेळ विजारीला पुसली.

पोट फाडायला वाकलेला गडी हेंड्रिक मध्येच थांबला. सुरीच्या पात्यावरून पांढरी धार वाळूत उतरत होती. त्याने गुडरूनकडे पाहिले. तिने पायाने वाळू लोटली.

“भाकड होती ना?” वोल्फ्रामने विचारले. तो दुसरीकडे पाहत होता.

“भाकड होती, पापा.”

पाणवठ्यापाशी कोल्हा दिसला होता, त्याला पाहून मी चालत येते, असे सांगून ती आपली बंदूक घेऊन मागे राहिली. गाडी टेकडीआड गेल्यावर तिने मादीच्या खुरांचा माग उलटा धरला.

पाडस एका झुडपाखाली, मान जमिनीला चिकटवून पडले होते. ती जवळ गेली तरी ते हलले नाही. आईने तसेच शिकवले होते. घरी दुधाची बाटली होती. अशी किती कोकरे तिने त्या बाटलीवर वाढवली होती. पण अंगणात हे उभे राहिले की लांगेसाहेब विचारणार, याची आई कुठे. आणि ओसरीत बसलेल्या म्हाताऱ्याला रोज त्याच्याकडे पाहावे लागणार.

ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली. मग उठून चार पावले मागे सरली.

नंतर तिने डहाळी तोडली. पाडसाच्या ओठांवर दूध वाळलेले होते. पाल्याची चव त्याला अजून ठाऊक नव्हती. तिने ती नीट दातांत बसवली आणि वर काटेरी फांद्या रचल्या.

घरी येऊन टोपी खुंटीला लावून ती हात धुवायला गेली. तिने हात दोनदा धुतले. जेवताना लांगेसाहेब सकाळची हकिगत पुन्हा सांगत होते, आणि वोल्फ्राम त्यांच्या ताटात मांस वाढत होता.

“दुसरी गोळी ऐकली,” मान वर न करता तो म्हणाला. “मिळाला कोल्हा?”

“मिळाला.”

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने तो उठला, ओसरीतून आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतले.

गुडरून टोपी घ्यायला ओसरीत आली तेव्हा त्याची खुंटी रिकामी होती. दुर्बीण तिच्या खुंटीवर होती, भिंगे पुसून लख्ख केलेली. आणि तिच्या टोपीच्या पट्टीत कुणीतरी एक हिरवी डहाळी खोचली होती.

कोल्ह्यासाठी त्या घरात कुणी कधी डहाळी दिली नव्हती.