काळा फायटर

"इसके साथ दूसरी मछली डालने का नहीं," पिशवीच्या तोंडाला रबर गुंडाळत दुकानवाला म्हणाला. "फायटर है. मार डालेगा."

"मादी ठेवली तर?"

"उसको तो पहले."

संपदाने मान हलवली. डाव्या कानाने तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती जरा तिरकी उभी होती. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस. पिशवीतला काळा बेट्टा मासा पंख फुलवून दुकानवाल्याच्या अंगठ्यावर चिडला होता.

"पहले कभी रखी है?"

"माहेरी होता एक. गोल्डफिश."

"मर गया?"

"हो. बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी. सगळे हॉस्पिटलात, त्याच्याकडे बघायला कोणी नव्हतं."

"और पापा?"

"मजेत आहेत. नवघरला असतात. रोज सकाळी फिरायला जातात."

कशाचं वाईट वाटून घ्यावं ते दुकानवाल्याला कळेना.

"या वेळी चूक नको," संपदा म्हणाली. "सगळं नीट सांगा. हा जगला पाहिजे."

घरी मनोरमाबाई दारातच उभ्या होत्या. "काळाच आणलास ना?"

"काळाच, आई."

त्यांचा एकुलता एक मुलगा, संपदाचा नवरा जितेंद्र, सोमवारपासून मीरा रोडच्या हॉस्पिटलात मशीनवर होता. ताप फुफ्फुसात उतरला होता. डॉक्टर नुसते "बघू या" म्हणत. गुरुजींनी मात्र घरात मासा आणा असं सांगून दिवस, दिशा आणि रंग, सगळं स्पष्ट करून दिलं होतं.

काचेची टाकी ईशान्येला मांडली होती. पाणी आदल्या दिवशीच बादलीत भरून ठेवलेलं, क्लोरीन उडून जावं म्हणून. संपदाने पिशवी न सोडता तशीच पाण्यावर तरंगत ठेवली.

"ओत की," मनोरमाबाई म्हणाल्या. "पाहुणचार कसला करतेस?"

"आधी दोन्ही पाणी सारखं गार व्हायला हवं. मग पिशवीत टाकीतलं थोडं थोडं पाणी घालायचं. एकदम सोडला तर धक्का बसून जातो."

"जातो?"

"लगेच."

"बरं," मनोरमाबाई म्हणाल्या.

संपदा वाटी आणायला आत गेली. परत आली तर सासूबाईंच्या हातात कात्री.

"तुला मदत," त्या म्हणाल्या.

संपदाने कात्री घेतली आणि वाटी वाटीने पाणी घालत बसली. शेवटी मासा जाळीने अलगद टाकीत सोडला, दिवा मालवला. तो टाकीभर फिरला, काचेत स्वतःला बघून भडकला आणि पाण्यातल्या झाडामागे जाऊन बसला.

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी देवघरात जायच्या आधी मनोरमाबाई विचारत, "आहे का?"

"आहे, आई. छान फिरतोय."

मग त्या घंटा वाजवत.

म्हातारीला मासे पाळायची अक्कल नव्हती, हे उघडच होतं. एकदा तिने टाकीत अर्ध्या चपातीचा चुरा लोटला. एकदा हळदकुंकू वाहिलं. एकदा झाकण काढून ठेवलं, "त्याला पण वारा लागू दे." एका दुपारी तर टाकी उचलून उन्हात नेली. एरवी हिला पाण्याचा तांब्या उचलवत नसे. प्रत्येक वेळी संपदा निस्तरायची. गाळ काढायची, पाणी बदलायची, झाकणावर वरवंटा ठेवायची.

"एका माशासाठी एवढं करतेस," शेजारची दिव्या म्हणाली. "जितूभाऊ नशीबवान आहेत बाई."

"बघू या," संपदा म्हणाली.

आयसीयूत हात लावू देत नसत. काचेतून बघून ती परत यायची आणि चपला काढायच्या आधी टाकीत बोट बुडवून पाणी कोमट आहे ना ते बघायची.

रविवारी ती हॉस्पिटलातून आली तेव्हा घरात फिनाइलचा वास होता. टाकीतलं पाणी दुधाळ झालेलं. मासा तळाशी आडवा.

"फरशी पुसताना उडालं असेल," मनोरमाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या.

संपदाने त्याला ओंजळीतच उचललं आणि बादलीतल्या स्वच्छ पाण्यात धरलं. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या, तरी तिने त्या वर केल्या नाहीत. आठवडाभर डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता. आता मात्र पाणी बादलीत पडू लागलं, तेव्हा तिने तोंड बाजूला केलं. मिठाचं पाणी त्याला चालेल की नाही, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"जग रे," ती पुटपुटली. "एवढ्या वेळी जग."

मनोरमाबाई मागे उभ्या होत्या. त्यांचेही ओठ हलत होते.

बऱ्याच वेळाने एक कल्ला हलला. मग दुसरा. माशाने तिच्या बोटाला धडक दिली आणि पंख फुलवले.

फोन वाजला. तो मनोरमाबाईंनी घेतला. ऐकला. मग पदर तोंडात धरून त्या बादलीशेजारी जमिनीवरच बसल्या.

"जितू गेला," त्या म्हणाल्या.

बादलीत मासा गोल गोल फिरत होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"घरावरचं मरण मासा अंगावर घेतो. याने आधी जायचं होतं गं. तुला काही माहीतच नाही."

संपदाने ओल्या बाह्या पहिल्यांदाच वर सारल्या. दंडावरचे बोटांचे काळेनिळे डाग आता पिवळे पडायला लागले होते. तिने माशाच्या खाण्याची डबी उघडली आणि चिमूटभर दाणे पाण्यात सोडले.

"माहीत आहे, आई," ती म्हणाली. "माझे बाबा तसेच वाचले."