टाकीचा श्वास

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा डल्सीबाई म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याची गाडी अगदी त्याच्यावर गेलीय. चढ आला की बसली."

"आई, आत्ता नको," नेरिडा म्हणाली.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. भावाचा गुरांचा फार्म अजून एकशे ऐंशी किलोमीटर, मागची वस्ती तेवढीच लांब, आणि इथल्या डिसेंबरच्या भर उन्हाळ्यात या लाल मातीच्या रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. पाण्याचे दोन कॅन होते, तीन दिवस पुरले असते. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई या उन्हात तीन दिवस काढणार नाही, हे नेरिडाला चांगलं कळत होतं. गाडी आजच सुरू व्हायला हवी होती.

तिनं हातातल्या रेडिओवर हाका मारल्या. रस्त्यावरचे सगळे बोलतात तोच चॅनेल. दुसऱ्याच हाकेला उत्तर आलं.

"बोल पोरी, बोल! मी मर्व."

आवाज म्हाताऱ्याचा होता आणि पार बसलेला.

"काका, तुमचा आवाज तुटतोय."

"घसा गेलाय. काल दिवसभर एकटाच बडबडत होतो. माझं सोड, तुझं सांग."

"मी आणि आई दोघीच आहोत. गाडी अर्धा तास नीट पळते, मग मान टाकते. थांबलं की सुरू होते, थोडी चालते, की परत तेच."

"चाळीस वर्षं गाड्याच दुरुस्त केल्यात मी, आणि आज दुसरं काही काम नाही. आधी दोघी पाणी प्या. मग आईला नुसती किल्ली फिरवायला सांग, स्टार्टर मारायचा नाही. तू मागं टाकीपाशी बस आणि रेडिओचं बटण दाबून धर. मलाही ऐकू दे."

डल्सीबाईंनी किल्ली फिरवली. टाकीतला पंप गुरगुरला आणि गप्प झाला.

"फिरतोय," मर्व म्हणाला, "पण कण्हतोय. काहीतरी त्याला मागं खेचतंय. फिल्टर?"

"मागच्याच महिन्यात बदललाय."

"गाडी मध्ये उभी होती का?"

"तीन आठवडे. शेडमध्ये."

तिनं रेडिओ कानाशी धरून हलवला. नेरिडाला वाटलं, संपर्क तुटला.

"गेला वाटतं जेवायला," डल्सीबाई म्हणाल्या.

"टाकीचं झाकण उघड," रेडिओ म्हणाला. "हळूहळू. काय ऐकू येतं ते सांग."

नेरिडानं झाकण अर्धं फिरवलं. टाकीनं शूऽऽ करून हवा आत ओढली, कितीतरी वेळ.

"काका, ती श्वास घेतेय!"

"घेणारच. कोंडली होती बिचारी. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला नको का? नाही आली तर पंपानं ओढायचं तरी किती! झाकणाजवळून एक बारीक रबरी नळी निघते, तिचं टोक मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला असेल. मातीनं लिंपलेलं असणार बघ."

तिनं चाकामागं हात घातला. नळीच्या तोंडात कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं, बोटाच्या पेराएवढं, सुबक. नेरिडानं ते तारेनं कोरून काढलं आणि नळी फुंकून मोकळी केली. डल्सीबाईंनी स्टार्टर मारला, आणि इंजिन एका दमात सुरू झालं.

"बंद करू नका," मर्व म्हणाला. "तशीच चालू ठेवा. मला ऐकू दे."

वीस मिनिटं तो नुसतं ते इंजिन ऐकत होता. नेरिडा रेडिओ बॉनेटपाशी धरून उभी राहिली. ज्यानं गाडी पाहिली नाही, तिला बोट लावलं नाही, त्यानं एवढ्याशा माशीनं घातलेला बांध कानानं शोधून काढला होता. असली माणसं आहेत म्हणून जग चालतंय, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

"चांगली चालतेय," अखेर मर्व म्हणाला. "आता दगा देणार नाही."

डल्सीबाईंनी लेकीच्या हातातून रेडिओ हिसकावला. "अहो, तुमचं गॅरेज आहे तरी कुठं? ही लिंबाचा केक फार छान करते. घेऊनच येतो."



"गॅरेज विकून सहा वर्षं झाली, बाई. तुम्ही याच रस्त्यानं अकरा किलोमीटर पुढं या. उजव्या हाताला पांढरी गाडी दिसेल, परवा शनिवारी दगडानं पेट्रोलची टाकी फाटली तिची. मी तिच्या सावलीतच आहे. केक राहू द्या, पाणी आणा."