फोटोकाकांचा होकार

“अंधुक!” बाबांनी फोटोंचा गठ्ठा टेबलावर आपटला. “एकाही चेहऱ्यात जीव नाही.”

ती अजून दारातच होती. पायांतल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

“नीट बघा तरी, बाबा.”

“उभा जन्म या धंद्यात गेला माझा. बघायचं कसं ते तू नको शिकवूस.”

आईने लगबगीने कप आणून ठेवला. “चहा उजव्या हाताला आहे हं. सांडू नका.”

तिने फोटो गोळा केले, पिशवीत कोंबले आणि आल्या पावली परत फिरली.

बाबांना सगळे फोटोकाका म्हणत. घराची पुढची खोली हाच त्यांचा स्टुडिओ. मागच्या वर्षी त्यांनी तो एकाएकी बंद केला. हल्ली ज्याच्या हातात मोबाइल तो फोटोग्राफर, आता आपल्याला कोण विचारतो, असं ते येईल त्याला सांगत. शाळेच्या अल्बमचं कामही त्यांनी सोडलं. तेच तिला हवं होतं. कपड्यांच्या दुकानात दिवसभर घड्या घालून तिचा जीव विटला होता. शाळेचं काम मिळालं तर ती नोकरी मालकाच्या तोंडावर फेकता आली असती.

मुख्याध्यापिका बाई हसून म्हणाल्या होत्या, “फोटोकाकांनी तुझ्या कामाला हो म्हणू दे, मग काम तुझंच.”

बाबा काही हो म्हणायला तयार नव्हते.

पहिल्यांदा तिला वाटलं, दोष कॅमेऱ्याचाच असेल. होताच तो नवशिक्यांचा, आणि त्याच्याबरोबर आलेली लेन्स घरातल्या उजेडात अगदीच मान टाकायची. ती जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली.

“कॅमेरा बदलायच्या भानगडीत पडू नका, ताई,” दुकानदार म्हणाला. “आधी लेन्स बदला. ही पन्नास एमएमची घ्या. झूम नाही, पुढेमागे आपल्या पायांनीच व्हायचं. पण उजेड भरपूर घेते, आणि खिशाला भोक पडत नाही.”

काचेत बुरशी नाही ना, हे तिने टॉर्च मारून तपासलं. नवे बूट घ्यायचे होते, ते राहिले. लेन्स घेतली.

नवे फोटो घेऊन ती घरी गेली तेव्हा बाबांनी आधी लेन्सच हातात घेतली. अंगठ्याने तिची कडी फिरवली, काचेभोवतीचा काठ चाचपला. “लेन्स बरी आहे,” ते म्हणाले. मग फोटो एकेक करून खिडकीकडे धरले. “लेन्स बरी असून उपयोग काय? फोकसच नाही.”

शेजारच्या जुळ्या मुलींचे फोटो होते ते. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असे.

मग तिने कॅमेराही बदलला. आपला नवशिका कॅमेरा आणि सोबतची लेन्स त्याच दुकानात देऊन वापरलेलाच, पण वरच्या दर्जाचा घेतला. दुकानदाराने तिचे फोटो पडद्यावर मोठे करून पाहिले. “ताई, कसले धारदार आलेत! आता आणखी काय हवंय तुम्हाला?”

“ते माझ्या बापाला विचारा,” ती म्हणाली.

त्या वेळीच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबा जळत होते. आपण सोडलेलं काम पोरीने उचलावं, हेच त्यांना सहन होत नव्हतं. रस्ताभर ती दात आवळून चालत राहिली.

घरी पोचल्यावर ती आधी स्वयंपाकघरात घुसली. “आई, तू तोंड का उघडत नाहीस? माझं काम बुडतंय इथे!”

“जरा दमाने घे गं. त्यांना थोडा वेळ दे.”

“किती वेळ? ते गेल्यावर विचारू का, बाबा, आता तरी हो म्हणता का?”

आईने तोंड फिरवलं आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

ती तशीच स्टुडिओत गेली. बाबा खुर्चीत बसले होते. तिने फोटो त्यांच्या मांडीवर टाकले. त्यांनी वरचा एक उचलला, खिडकीकडे धरला.

“अंधु...”

“बास!” ती ओरडली. “कॅमेरा बदलला, लेन्स बदलली, आता काय डोळे बदलून आणू? सरळ सांगा ना, तुम्हाला माझं बघवत नाही! मी पोटाला चिमटा काढून हे सगळं केलं, आणि तुम्ही इथे बसून नुसतं अंधुक, अंधुक! एवढं येतं ना तुम्हाला? मग काढून दाखवा!”

तिने कॅमेरा त्यांच्या हातात कोंबला.

बाबांनी कॅमेरा सावरून धरला. मग ताठ उठले. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवला, दोन्ही कोपरं छातीशी घेतली. एवढ्या रागातही तिला जाणवलं, असा कॅमेरा धरणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता.

“जा, खिडकीपाशी उभी राहा,” ते म्हणाले.

ती पाय आपटत खिडकीकडे गेली. अंगावरचा लांब कोट काढला आणि तिथल्या, फोटोमागे लावायच्या पडद्याच्या रिकाम्या स्टँडवर भिरकावला. तिची पिशवी दाराशी पडली होती. केस विस्कटले होते, निदान कंगवा तरी फिरवावा म्हणून ती अनवाणीच भिंतीकडेने पुन्हा दाराशी आली.

बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. तोंड खिडकीकडेच.

“अहो बाबा, मी...” ती बोलणार, एवढ्यात मागून आईचा ओला हात तिच्या तोंडावर आला आणि घट्ट दाबला गेला.

“अशीच राहा, बाळा,” स्टँडवरच्या कोटाला बाबा मायेने म्हणाले. “फक्त हनुवटी जरा वर.”