दहा पावलांवरून

अंगणात एकोणीस माणसं होती, दोन म्हशी, एक कुत्रं, सहा कोंबड्या आणि पत्र्यावर अकरा पारवे. शिवाय ओसरीतल्या पाळण्यात राजनंदिनी, पाच महिने दोन दिवसांची. अंबडला आजोळी जन्मलेली ही पोर बापाच्या घरी आज पहिल्यांदाच आली होती. तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला त्याला अजून तासही झाला नव्हता.

"पाळण्यापासून दहा पावलं मोज," पुंजाराम मुलाला म्हणाले. "अन् लबाडी न्हाई."

कल्याणनं पावलं मोजली आणि बुलेट तिथं उभी केली. कंपनीचा सायलेन्सर काढून त्यानं कालच जालन्यात नवा बसवून घेतला होता. आत जाळी नाही, पडदा नाही. इंजिनातला आवाज जसाच्या तसा बाहेर. लेक घरी येणार म्हणजे साऱ्या गावाला कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. सकाळी वेशीपासून दारापर्यंत तो तिच्या जीपपुढं धाडधाड बार काढत आला होता. त्याची बायको वंदना जीपमधून उतरली ती तोंड फुगवूनच.

"आजच्या आज काढा ते. लेकराच्या काळजाचं पाणी व्हईल."

"माझी पोरगी है ती. भ्यायची न्हाई."

"अन् भ्याली तर?"

"तर आत्ता पाना आणतो अन् सगळ्यांसमोर जुना बसवतो."

"मामा, तुम्ही साक्षीला," वंदना सासऱ्यांना म्हणाली. अशी ही पैज लागली होती.

कल्याणनं मूठ पिळली. अंगठ्यानं चालू इंजिनाचं बटण बंद केलं, लगेच चालू केलं.

धाड्!

अकराच्या अकरा पारवे उडाले. कोंबड्या कणगीखाली घुसल्या, कुत्रं उकिरड्यापलीकडं गेलं. एका म्हशीनं दावं ताणलं. माणसांचे खांदे कानांना जाऊन भिडले. झोपलेल्या राजनंदिनीची मूठ गालाशी होती. ती तिथंच राहिली.

"मंग पाच पावलांवरून!" शेजारचा भुजंग ओरडला. तो कल्याणचा लहानपणापासूनचा मित्र.

पाच पावलांवरूनही मूठ हलली नाही.

अंगणात एकच गलका झाला. पुंजारामांनी पटका सारखा केला. "बघा! कुणाची नात है! आमच्या आज्यानं नुसत्या काठीनं लांडगा हाकलल्ता. तेच रगत है हे."

"अन् तुम्ही, काका? आत्ता खांबामागं गेल्ते ते?" भुजंगनं विचारलं.

पुंजारामही हसले. कुणी म्हणालं, हिला फौजदारीण करा. कुणी म्हणालं, मिल्ट्रीत घाला. कल्याणची छाती शर्टात मावेना. पैज हरलेल्या वंदनालाही हसू आवरलं नाही. "माहेरी बी सगळे हेच म्हणायचे. असलं शांत लेकरू पाह्यलं न्हाई म्हणे. दिवाळीत गल्लीभर फटाके, अन् ही आपली बिलकुल निवांत."

"झोपंत काय, कुणीबी दम धरंल," कल्याण म्हणाला. "जागेपणी दाखवतो."

राजनंदिनी भुकेनं उठली, पोटभर प्याली. मग कल्याणनं तिला दोन्ही हातांत समोरासमोर धरलं. तिची पाठ गाडीकडं. गाडीवर आता भुजंग होता.

"मार!"

धाड्! आवाज येणार हे कल्याणला माहीत होतं. त्यानंच तर सांगितलं होतं. तरी त्याचे डोळे गच्च मिटले, तोंड वाकडं झालं. डोळे उघडले तर राजनंदिनी त्याच्याकडं बघून खुदकन हसत होती.

"बाप भ्याला अन् पोरगी हसली!" लोक टाळ्या पिटू लागले.

कल्याणही हसला. मग त्याचं हसू थांबलं. ती नेमकी कशाला हसली?

"परत मार," तो म्हणाला.

"आता कशाला? जितला की तू."

"भुजंग, परत मार."

या वेळी त्यानं डोळे ताणून उघडे ठेवले. दात दातांवर दाबले. चेहऱ्यावरची एक रेघ हलू दिली नाही आणि लेकीच्या पापण्यांकडं बघत राहिला.

धाड्!

ती हसली नाही. दचकली नाही. तिच्या पापण्या लवल्या नाहीत. ती त्याच्या शर्टाचं बटण चिमटीत धरायला बघत होती.

"गाडी बंद कर," कल्याण म्हणाला. मग वंदनाकडं वळला. "तू हिला कधी मागून हाक मारलीस?"

"मागून कशाला? समोर जाऊन बोलते ना मी. हसती की ती माझ्याकडं बघून. बराबर हसती..." बोलता बोलता वंदनाचा आवाज बारीक झाला. ती लेकीच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. एकदा हाक मारली. मग मोठ्यानं मारली. लोक अजून टाळ्या वाजवत होते.

चौथ्या दिवशी तिघं एसटीनं संभाजीनगरला गेले. तपासणीच्या खोलीत एका बाईंनी राजनंदिनीच्या कपाळावर आणि कानांमागं तारा चिकटवल्या. कानांत इवलीशी बोंडं घातली. "ती झोपली पाहिजे," त्या म्हणाल्या. "हलली तर पुन्हा पहिल्यापासून."

"हलायची न्हाई, मॅडम," कल्याण म्हणाला. "लई गुणाची है."

राजनंदिनी वंदनाच्या मांडीवर झोपली. यंत्रानं आधी बारीक आवाज दिला, मग पायरी पायरीनं वाढवत नेला. आधी उजव्या कानात, मग डाव्या. पडद्यावर रेघा उमटत गेल्या. चाळीस मिनिटं ती हलली नाही. बाईंनी कागद छापून घेतला आणि कल्याणच्या हातात दिला.

उजवा कान : नव्वद डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही.

डावा कान : नव्वद डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही.