करंगळीवर पूल

“तुला पटायचं नाही सूनबाई, पण काल आपल्या सुपरहिरोनं कोसळता पूल नुसत्या करंगळीवर तोलून धरला!” आबांनी सुरुवातच दणक्यात केली. सुनेची दवाखान्यात संध्याकाळची पाळी असायची, त्यामुळे तिची लाडकी मालिका बघून सकाळी चहाबरोबर तिला सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. काल ऐन वेळी खुर्चीतच डोळा लागला, हे त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. हे काम हातचं गेलं, तर घड्याळाच्या काट्यावर धावणारी सून त्यांच्याजवळ घटकाभर बसणार कधी?

“चाहत्यांच्या ग्रुपवर सगळे खवळलेत,” सून फोनवर बोट फिरवत वैतागून म्हणाली. “वाहिनीवाल्यांना लाखोली वाहतायत नुसती.”

“वाहणारच! पूल वाचला, पण तो मेला राक्षस निसटला ना! माझंच डोकं असं फिरलं म्हणतेस, टीव्हीवर भिरकवायला चप्पल उचलली होती मी.”



“अहो आबा, काल भाग दाखवलाच नाही म्हणून खवळलेत सगळे! आठवडाभर वाट पाहिली ती फुकट गेली, आता मुकाट्यानं सांगा, राक्षस निसटला कसा?”