चार वर्षं बिनतक्रार

पॅकेज उघडून पाहिलं तर आत प्रोग्रामच नव्हता. कुरामोची शिहोने डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. परवान्याचा मजकूर, एक चिन्ह आणि रिकामा फोल्डर. विंडोजचं पॅकेज ऐंशी एमबीचं, मॅकचं नव्वदचं, आणि हे लिनक्सचं चार केबीचं. तरी पडद्यावर तिन्हींसमोर हिरवी खूण होती. म्हणजे यंत्रणेच्या मते तिन्ही प्रोग्राम व्यवस्थित बांधून झाले होते.

तिच्या ऑफिसने दिलेलं हे रिकामं खोकं चार वर्षं उत्तरेकडच्या एका नगरपालिकेत चालू होतं. चालू म्हणजे काय, पडून होतं. शाळांच्या मैदानांखाली भूकंपासाठी पाण्याच्या अकरा टाक्या आहेत. त्यांतलं पाणी उतरलं तर या प्रोग्रामने ठणाणा करायचा, एरवी गप्प बसायचं. त्याने चार वर्षं गप्प बसण्याचं काम चोख केलं होतं.

कारण शोधायला तासभर लागला. बिल्डच्या, म्हणजे प्रोग्राम बांधायच्या सूचनांच्या, फाइलीत कुणीतरी एक ओळ घुसडली होती. लिनक्स असेल तर प्रोग्राम भरू नकोस, आणि सगळं ठीक झालं असं सांग. ओळ ऑफिसच्या सामायिक खात्यातून लिहिलेली. कुणाचं नाव नाही.

"कुणा गाढवाला बांधता आलं नाही, म्हणून झाकून ठेवलंय," ती म्हणाली.

विभागप्रमुख त्सुकुदा तिच्या मागे उभा होता. "गाढवालाही पोट असतं, कुरामोची-सान," तो म्हणाला.

शिहो एजन्सीकडून आलेली हंगामी बाई. या ऑफिसात हंगामी माणसाला कँटीनचं कार्ड मिळत नाही, म्हणून तीन वर्षं ती जिन्यात बसून ओनिगिरी, भाताचे गोळे, खात होती. एकतीस मार्चला तीन वर्षं भरत होती. त्यानंतर कायम करायचं, नाहीतर रस्ता दाखवायचा. त्सुकुदाने सांगून ठेवलं होतं, "नगरपालिकेने नवी मशीनं घेतलीत. जुनं पॅकेज त्यांवर चढत नाही. तेवढं चढेल असं करा. या महिन्यात स्वीकृतीचा शिक्का आला की तुमचं नाव कायमच्या यादीत."

नुसतं चढवायचं असतं तर दुपारपर्यंत झालं असतं. पण रिकामं खोकं द्यायला तिचा हात धजेना. तिने ती ओळ उडवली, आणि हिरवी खूण लाल झाली. चार वर्षांत आत सगळं गंजलं होतं. प्रोग्राम ज्या उसन्या कोडवर उभा होता, त्यातली एक लायब्ररी आता कुणीच सांभाळत नव्हतं, दुसरीने आपली रीत बदलली होती. नगरपालिकेच्या नव्या मशीनवरची प्रणाली सहा वर्षं जुनी होती, कारण खरेदीच्या मंजुरीला तेवढा वेळ लागला होता. इथे बांधलेला प्रोग्राम तिथे चढवला की म्हणायचा, माझ्या गरजेचं इथे काहीच नाही. शेवटी तिने तेवढीच जुनी प्रणाली आपल्या मशीनच्या पोटात उभी केली आणि तिच्या आत बसून प्रोग्राम बांधला. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी हिरवी खूण आली. खरी. त्सुकुदाने तिच्या टेबलावर कॉफीचा कॅन आणून ठेवला. अभिनंदन करताना त्याचा चेहरा मात्र सुतकी होता.

पॅकेज गेलं. दुपारी नगरपालिकेच्या आपत्ती विभागातून होझुमीचा फोन आला.

"तुमचं नवीन फार आवाज करतं हो," तो म्हणाला. "बसवून पाच मिनिटं झाली नाहीत, दोन टाक्यांच्या नावाने बोंब सुरू."

"मग त्या टाक्यांत पाणी कमी असेल, होझुमी-सान. कुणी झाकण उघडून बघितलं का?"

"झाकण पाणीपुरवठ्याच्या लोकांकडे. माझ्याकडे फॉर्म आहे. 'धोक्याची सूचना आली का' या रकान्यात 'नाही' लिहिल्याशिवाय मला शिक्का मारता येत नाही. जुनं काय गुणी होतं! चार वर्षांत हूं नाही की चूं नाही. तसलंच द्या ना."

"अहो, पण ते..."

त्सुकुदाने रिसीव्हर तिच्या हातातून घेतला आणि फोनलाच कमरेत वाकून नमस्कार केला. "फार त्रास झाला आपल्याला. आजच पाठवतो." त्याने रिसीव्हर ठेवला.

"भूकंप झाला तर त्या दोन शाळांत जमलेली माणसं काय पिणार?" शिहोने विचारलं.

"आज अठ्ठावीस तारीख आहे."

"आणि मी नाही केलं तर?"

"तर एक तारखेला या खुर्चीत दुसरं कुणी बसेल. ते करेल."

शिहोने फाइल उघडली. नऊ दिवसांत तिने ती इतकी उलटीपालटी केली होती की ती ओळ नेमकी कुठे होती हेच तिला आठवेना. बोटं कीबोर्डवर, नजर पडद्यावर, ती वर-खाली सरकत राहिली. त्सुकुदा खिडकीशी पाठमोरा उभा होता. तिथून तिचा पडदा दिसत नव्हता.

"प्रोग्राम भरायची आज्ञा आहे ना, तिच्या बरोबर वर," तो मागे न वळता म्हणाला. "आणि ओळीच्या सुरुवातीला चार स्पेस सोडा, नाहीतर बिल्ड अडकतो. मला तेव्हा अख्खी दुपार लागली होती."